रूबी वर्गात एकटीच का बसायची? अमेरिकेतलं वंशविलगीकरण आणि मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारच्या आमच्या गोष्टवाचनात मी गेली काही वर्षं, अमेरिकेत गोऱ्यांच्या शाळेत एकटीच गेलेल्या रूबी ब्रिजेस या कृष्णवर्णीय मुलीची हकिकत सांगते. त्यानंतर आठवडाभर पालकांचे निरोप येतात: मुलाने हे विचारलं, काय सांगू? काही शिक्षकही विचारतात, परदेशात राहणारी मराठी कुटुंबंही. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. वंशविलगीकरण म्हणजे नेमकं काय? भेदभाव तर सगळीकडेच असतो.

फरक कायद्याचा आहे. दुकानदार एखाद्याशी तुसडेपणाने वागला तर तो त्याचा दुष्टपणा. पण त्या माणसाला वेगळ्या दाराने आत घे, असं कायदाच सांगत असेल तर तो न पाळणारा भला दुकानदारही गुन्हेगार ठरतो. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. त्यानंतर दक्षिणेकडच्या राज्यांनी हळूहळू असे कायदे केले, की गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या शाळा, रेल्वेचे डबे, दवाखाने, बागा, पाण्याचे नळ आणि दफनभूमीसुद्धा वेगळ्या झाल्या. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्का मारला: वेगळं असलं तरी समान असेल तर चालेल. समान कधीच नव्हतं. ‘जिम क्रो’ हे या कायद्यांचं बोलीतलं नाव १८३०च्या सुमारास रंगमंचावर आलेल्या, कृष्णवर्णीयांची टर उडवणाऱ्या एका पात्रावरून पडलं.

२. मुलांना हे कोण सांगायचं? कायदा तर त्यांना वाचता येत नव्हता.

बहुतेकांना कोणीच सांगितलं नाही. वस्तूंनी सांगितलं. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबते.

चपलांचं दुकान घ्या. दक्षिणेतल्या कितीतरी दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला बूट पायात घालून बघू देत नसत. मग आई घरीच मुलाचं पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद घेऊन दुकानात जायची. आलेला बूट चावला तरी परत करता यायचा नाही. त्या मुलाला वेगळं काय समजावून सांगायचं? पेन्सिलीची गुदगुली त्याला आयुष्यभर आठवते.

नळांचंही तसंच. एकावर ‘गोऱ्यांसाठी’, दुसऱ्यावर ‘रंगीत लोकांसाठी’. वाचायला नुकतीच शिकलेली मुलं त्या दुसऱ्या नळातून इंद्रधनुष्यासारखं रंगीत पाणी येईल म्हणून धावत जायची आणि हिरमुसून परत यायची. मोठेपणी अनेकांनी ही आठवण सांगितली आहे.

पुढे बसमधली जागा सोडायला नकार देऊन गाजलेल्या रोझा पार्क्स लहानपणी शाळेत चालत जायच्या आणि गोऱ्या मुलांची बस शेजारून निघून जायची. दोन जगं वेगळी आहेत हे त्या बसमुळे कळलं, असं त्या सांगत. मार्टिन ल्यूथर किंग यांचा एक गोरा सवंगडी होता, त्याच्या वडिलांचं दुकान किंगच्या घरासमोरच होतं. सहाव्या वर्षी दोघं वेगवेगळ्या शाळांत गेले आणि ‘आता खेळायला येऊ नकोस’ असा निरोप मिळाला. पुढे किंग स्वतः वडील झाले. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने टीव्हीवर फनटाउन नावाच्या बागेची जाहिरात पाहून तिथे जायचा हट्ट धरला. तिथे आपल्या मुलांना प्रवेश नाही हे सांगताना जीभ कशी अडखळते, ते किंगनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात नोंदवलं आहे.

३. बाहुल्यांचा प्रयोग काय होता?

केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या आसपास तो केला. चार बाहुल्या, सगळ्या सारख्या, फक्त दोन गोऱ्या आणि दोन तपकिरी. तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांना विचारायचं: छान कोणती? वाईट दिसते ती कोणती? बहुतेकांनी गोरी बाहुली छान ठरवली. शेवटचा प्रश्न होता, तुझ्यासारखी कोणती? तिथे काही मुलं रडली, काही खोलीतून निघून गेली.

१९५४च्या निकालात (प्रश्न ६) न्यायालयाने या कामाचा दाखला दिला. आक्षेपही घेतले गेले, आणि ते लपवू नयेत: उत्तरेत एकत्र शाळांतून शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांनीही गोरीच बाहुली निवडली होती. म्हणजे दोष फक्त वेगळ्या शाळेचा नव्हता, तर मुलांच्या कानांवर आणि डोळ्यांवर रोज जे आदळत होतं त्या सगळ्याचा होता.

४. रूबी ब्रिजेस कोण? ती वर्गात एकटी का होती?

रूबीचा जन्म १९५४चा, मिसिसिपीतला. पुढे कुटुंब न्यू ऑर्लिन्सला आलं. तिथल्या शाळा एकत्र करा असा न्यायालयाचा आदेश आल्यावर कृष्णवर्णीय मुलांची अवघड परीक्षा घेण्यात आली. त्यात उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत रूबी होती. १४ नोव्हेंबर १९६० रोजी तीन मुली मॅकडोनो शाळेत गेल्या आणि सहा वर्षांची रूबी एकटी विल्यम फ्रांट्झ शाळेत. सोबत आई आणि केंद्र सरकारचे चार मार्शल. दारात ओरडणारी, वस्तू फेकणारी गर्दी होती. रूबीला वाटलं, मार्डी ग्रास आहे! न्यू ऑर्लिन्सच्या त्या सणात रस्त्यावर अशीच गर्दी आणि आरडाओरडा असतो.

पहिला दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून गेला. काचेतून तिला दिसत होतं, पालक येताहेत आणि आपापल्या मुलांना घरी नेताहेत. दुसऱ्या दिवशी बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या बाई भेटल्या. इतर शिक्षकांनी तिला शिकवायला नकार दिला होता. मग जवळजवळ वर्षभर एका वर्गात एक बाई आणि एक मुलगी.

गर्दी रोज एक यमक जुळवलेली घोषणा द्यायची. रूबीने ती पाठ केली आणि संध्याकाळी मैत्रिणीबरोबर त्याच तालावर दोरीच्या उड्या मारल्या. अर्थ दोघींनाही माहीत नव्हता. मात्र काळ्या बाहुलीला छोट्या शवपेटीत घालून एक बाई समोर उभी राहायची, तिची तिला भीती वाटायची.

आमच्या गटातल्या एका मुलाने विचारलं होतं, ‘ती डबा कुणाबरोबर खायची?’ मी उत्तर शोधलं. एकटीच. तिला विष घालू, अशी धमकी कुणीतरी दिली होती. ती घरून आणलेलं सँडविच गुपचूप कपाटात टाकायची आणि दूध डिंकाच्या बरणीत ओतायची. उंदीर आणि झुरळं झाली तेव्हा ते उघडकीला आलं. त्यानंतर हेन्रीबाई रोज तिच्यासोबत जेवू लागल्या.

वसंतात शाळेतली काही गोरी मुलं तिच्या वर्गात येऊ लागली. त्यातला एक मुलगा म्हणाला, ‘तुझ्याशी खेळू नकोस असं आईने सांगितलंय,’ आणि कारण म्हणून त्याने तो अपमानाचा शब्द वापरला. रूबी सांगते की ती गर्दी, ती रिकामी बाकं, सगळं कशासाठी होतं ते त्या क्षणी कळलं. तिला राग आला नाही. माझ्या आईने सांगितलं असतं तर मीही ऐकलं असतं, असं तिला वाटलं.

५. एवढ्या लहान मुलीला असं पाठवणं बरोबर होतं का?

हा प्रश्न मातांकडून जास्त येतो, आणि तो रूबीच्याच घरात होता. आईला वाटत होतं, पाठवावं. वडील तयार नव्हते. कोरियाच्या युद्धात लढून आले होते, काही बदलेल असा भरवसा त्यांना उरला नव्हता. शेवटी पाठवलं. वडिलांची पेट्रोलपंपावरची नोकरी गेली. मिसिसिपीत पंचवीस वर्षं दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसणाऱ्या आजीआजोबांना तिथून उठवलं गेलं. पुढे आईवडील विभक्त झाले.

माझं मत विचाराल तर, मूल पुढे करण्याची वेळ आईबापांवर आणणारी व्यवस्था आधी दोषी आहे. पण ‘शूर रूबी’ एवढंच सांगून गोष्ट संपवू नये. दोरीच्या उड्यांइतकाच त्या बरणीतल्या दुधाचाही उल्लेख व्हायला हवा.

६. निकाल १९५४चा आणि रूबी शाळेत गेली १९६०ला. मधली सहा वर्षं काय झालं?

१७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात नऊही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की शाळांतलं विलगीकरण घटनाबाह्य आहे. टोपीका, कॅन्सस इथल्या लिंडा ब्राउन या मुलीच्या वडिलांचं नाव त्याला मिळालं. पण तो एकटा खटला नव्हता. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या मुलांसाठी तीस बसगाड्या होत्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. एक बस द्या, एवढ्या मागणीपासून तिथला खटला सुरू झाला. दुसऱ्या वर्षी न्यायालयाने अंमलबजावणीबद्दल आदेश दिला, पण तारीख दिली नाही. योग्य त्या विचारपूर्वक गतीने करा, म्हटलं. राज्यांनी त्यातला ‘विचार’ घेतला, गती सोडली.

१९५७ मध्ये आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या सेंट्रल हायस्कूलला निघाले. राज्यपाल फॉबस यांनी नॅशनल गार्डचे शिपाई उभे करून त्यांना अडवलं. एलिझाबेथ एकफर्ड, वय १५, त्या दिवशी एकटीच पोचली. बाकीच्यांनी एकत्र जायचं ठरवलं होतं, पण तिच्या घरी फोन नव्हता, निरोप पोचलाच नाही. स्वतः शिवलेला नवा पोशाख घातलेली ती मुलगी गर्दीतून चालत बसथांब्यापर्यंत आली आणि बाकावर बसली. अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्याची १०१वी एअरबोर्न तुकडी पाठवावी लागली. पुढच्या वर्षी शहराची हायस्कूलंच बंद ठेवली गेली.

व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर कहर केला. १९५९ ते १९६४ सगळ्या सरकारी शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, कृष्णवर्णीय मुलांची पाच वर्षं गेली. दहा वर्षांचं मूल पंधरा वर्षांचं झालं. त्यातले कितीतरी पुन्हा शाळेत गेलेच नाहीत.

७. मुलांनी स्वतःहून काही केलं का, की मोठ्यांनी ठरवलं तसं वागली?

स्वतःहून केलं, आणि बऱ्याचदा मोठ्यांच्या आधी केलं.

याच प्रिन्स एडवर्डमध्ये मोटन हायस्कूल १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेलं होतं आणि मुलं होती साडेचारशेच्या वर. जादा वर्ग डांबरकागद ठोकलेल्या शेडमध्ये भरायचे. पाऊस आला की आत छत्र्या उघडायच्या. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सच्या गटाने खोटा फोन करून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर पाठवलं, सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि संप जाहीर केला. मुख्याध्यापकांवर बालंट येऊ नये म्हणून त्यांना दूर ठेवलं होतं. मुलांना नवी इमारत हवी होती. वकील म्हणाले, एकत्र शाळा मागणार असाल तरच खटला लढवू. मुलांनी मान्य केलं आणि तो खटला ब्राउनमध्ये सामील झाला. धमक्या येऊ लागल्यावर बार्बराला माँटगोमेरीला काकांकडे पाठवावं लागलं.

त्याच माँटगोमेरीत २ मार्च १९५५ रोजी पंधरा वर्षांची क्लॉडेट कॉल्विन बसमधली जागा सोडायला नाही म्हणाली. रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी. तिला बेड्या घालून नेलं. पुढाऱ्यांनी तिला चळवळीचा चेहरा केलं नाही, कारण ती वयाने लहान, गरीब घरातली, आणि पुढे अविवाहित असताना गरोदर राहिली. पण बसमधलं विलगीकरण ज्या खटल्याने संपलं त्यातल्या फिर्यादींमध्ये तिचं नाव आहे. शाळेच्या पुस्तकात फक्त पार्क्स असतील तर मुलांना कॉल्विनबद्दल आवर्जून सांगा.

८. बर्मिंगहॅममध्ये मुलांना तुरुंगात टाकलं होतं, हे खरं आहे?

खरं आहे. मे १९६३. मोठ्यांना अटकेपेक्षा नोकरी जाण्याची भीती होती, विलगीकरणाविरुद्धच्या मोर्चाला माणसं मिळेनात. किंग यांचे सहकारी जेम्स बेव्हल यांनी विद्यार्थ्यांना बोलवायचं सुचवलं. किंग बरेच दिवस कचरत होते. मुलं मात्र रेडिओवरची खूण ऐकून तयार होती: बागेत पार्टी आहे, टूथब्रश घेऊन या. तुरुंगात रात्र काढावी लागणार, म्हणून टूथब्रश.

२ मे रोजी सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमधून मुलांच्या रांगा बाहेर पडू लागल्या. शेकडो पकडली गेली. ऑड्री हेंड्रिक्स नऊ वर्षांची होती, ती आठवडाभर कोठडीत होती. ३ मे रोजी बुल कॉनर या अधिकाऱ्याने अग्निशमन दलाचे पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्रे मुलांवर सोडले. ते फोटो जगभर छापून आले. १० मे रोजी समझोता जाहीर झाला. मोर्चात गेलेल्या हजाराहून अधिक मुलांना शाळेतून काढलं गेलं, वरच्या न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं.

माल्कम एक्स या दुसऱ्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी तेव्हाच टीका केली होती की खरा पुरुष मुलांना आघाडीवर धाडत नाही. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला त्याच चर्चमध्ये बाँब फुटला. अॅडी मे कॉलिन्स, कॅरोल रॉबर्टसन, सिंथिया वेस्ली, तिघी १४ वर्षांच्या, आणि ११ वर्षांची डेनिस मॅकनेर, या चौघी त्यात गेल्या. रविवारची प्रार्थना सुरू होण्याआधी त्या खाली आवरत होत्या.

९. गोऱ्या मुलांचं काय? सगळीच वाईट वागली का?

नाही. लहान मुलं तर बहुतेक घरीच अडकून पडली, आईबापांनी शाळा सोडवली म्हणून. रूबीच्या शाळेत एक पाद्री, लॉइड फोरमन, आपल्या पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून त्याच गर्दीतून रोज येत राहिले. शिव्या त्यांनाही खाव्या लागल्या. रूबीच्या जोडीने त्या मुलीचीही गोष्ट सांगावी.

१०. हे फक्त दक्षिणेत होतं ना?

कायदा बहुतांशी दक्षिणेत, भिंत सगळीकडे. उत्तरेत वस्त्या वेगळ्या म्हणून शाळा वेगळ्या. ऑक्टोबर १९६३ मध्ये शिकागोत दोन लाखांहून अधिक आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार लाखांहून अधिक मुलांनी एक दिवस शाळेवर बहिष्कार टाकला. बॉस्टनमध्ये, हेन्रीबाईंच्या गावात, १९७४ला कृष्णवर्णीय मुलांच्या बसगाड्यांवर दगड पडले. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. सिल्व्हिया मेंडेझच्या आईवडिलांनी त्याविरुद्धचा खटला ब्राउनच्या काही वर्षं आधीच जिंकला.

११. आपल्यासारखी माणसं कोणत्या रांगेत बसायची?

परदेशातल्या मराठी घरांतून हमखास येणारा प्रश्न. एकच उत्तर नाही, कारण नियम लिहिणाऱ्यांनाच ते ठाऊक नव्हतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तू ‘गोरा’ नाहीस, नागरिकत्व मिळणार नाही. १९२७ मध्ये मिसिसिपीतल्या मार्था लम या चिनी वंशाच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेत बसता येणार नाही, असं ठरलं. १९६५चा स्थलांतराचा कायदा झाल्यावर जे भारतीय मोठ्या संख्येने तिकडे गेले, त्यांच्यासाठी दार आधीच कुणीतरी ढकलून उघडलं होतं. मुलांना हे माहीत असावं.

१२. हे आपल्या जातिभेदासारखंच आहे का?

सारखं आहे, एकच नाही. रंग डोळ्यांना दिसतो. जात आडनाव विचारून, गाव विचारून शोधली जाते. तिथे विलगीकरण सरकारी कायद्याने झालं, इथे रूढीने आणि धर्माच्या नावाने.

पण ज्यांनी भोगलं त्यांनी एकमेकांना ओळखलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून दोन्हीकडच्या स्थितीतलं साम्य दाखवलं, त्यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेचं नाव घेऊन. किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी दलित मुलांना त्यांची ओळख ‘अमेरिकेतले एक अस्पृश्य’ अशी करून दिली. आधी धक्का बसला, मग पटलं, असं किंगनी पुढे सांगितलं.

आणि मुलाची नजर हवी असेल तर लांब जायला नको. भीमराव साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसायचा. तहान लागली की शिपाई असेल तरच पाणी, नाहीतर नाही. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या साधारण चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला.

एकदा नळांची गोष्ट सांगून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘आमच्याकडे कामाच्या मावशींचा कप वेगळा असतो.’ तिची आई न्यायला आली होती, दारातच उभी होती. कुणी काही बोललं नाही. पुढच्या शनिवारी मुलगी सांगत आली, कप बदलला.

१३. दक्षिण आफ्रिकेतलं अपार्थाइड म्हणजे हेच का?

देश वेगळा, काळही पुढचा: १९४८ ते १९९४. तिथेही मुलं पुढे होती. १६ जून १९७६ रोजी सोवेटोत आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध शाळकरी मुलांनी मोर्चा काढला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन होता. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगू नका, मुलं गोंधळतात.

१४. ‘निग्रो’ म्हणायचं की नाही?

जुन्या मराठी पुस्तकांत आणि किंगच्या स्वतःच्या भाषणांतही तो शब्द आहे, तेव्हा तो चालत असे. आज वापरू नये. ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन अमेरिकन’ म्हणावं. जुना उतारा वाचताना तो आला तर खोडू नका, थांबून सांगा. प्रश्न ४ मधल्या मुलाने वापरलेला शब्द वेगळा आहे, ती शिवीच आहे. मुलांसमोर ती न उच्चारताही गोष्ट पूर्ण कळते.

१५. कितव्या वर्षी काय सांगावं?

सहा-सात वर्षांच्या मुलांना नळ, बूट, डबा. दहाच्या पुढे लिटल रॉक आणि बार्बरा जॉन्स. चर्चमधला बाँब आणि एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची १९५५ मधली हत्या मी बारा-तेरापर्यंत सांगत नाही. विचारलंच तर खोटं मात्र सांगत नाही. ‘लोकांनी त्याला मारलं आणि मारणारे सुटले’ एवढं पुरतं.

१६. रूबीचं दुसरीत काय झालं?

मुलांचा हा ठरलेला प्रश्न, मोठी माणसं सहसा विचारत नाहीत. दुसरीच्या पहिल्या दिवशी गर्दी नव्हती, मार्शल नव्हते. वर्गात इतर मुलं होती, काही कृष्णवर्णीयही. मागच्या वर्षाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, जणू घडलंच नव्हतं. हेन्रीबाईही नव्हत्या, त्या बॉस्टनला परतल्या होत्या. वर्षभर फक्त त्यांचंच बोलणं ऐकून रूबीचे उच्चार बॉस्टनचे झाले होते, आणि नव्या बाई त्यावरून तिला हसायच्या. हेन्रीबाई पुन्हा भेटल्या त्या १९९६ मध्ये, पस्तीस वर्षांनी.